माशाच्या मर्जीनं

ओस्लोब, सेबू बेट
१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. सेबू शहरातून पहाटेच्या अंधारात बस धरली. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला नारळ आणि अंगणात वाळत घातलेली मासळी. डोळे मिटून बसलं असतं तर वासावरून हर्णै आलं म्हणून उतरले असते.

निघताना तू म्हणालास, "मुशी बघायला विमानाचं तिकीट कशाला? कधी जाळ्यात आली तर फोन करतो, ये बघायला." थट्टा बाजूला ठेव. इथं जे पाहिलं ते तुलाच सांगायला हवं.

ओस्लोबजवळ तान-आवान नावाचं गाव आहे. सकाळी सहाच्या सुमाराला किनाऱ्यावर रांग लागते. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, सूचना ऐकायच्या, लाइफ जॅकेट चढवून नंबर यायची वाट बघायची. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उलांडीच्या होड्या ओळीनं उभ्या असतात. त्यांच्यासमोर एकेक माणूस बसेल एवढी छोटी होडी फिरत असते. त्यातला माणूस मूठ-मूठ उयाप पाण्यात सोडतो. उयाप म्हणजे आपला जवळाच समज. आणि त्या मुठीमागून मासा येतो, व्हेल शार्क, जगातला सगळ्यांत मोठा मासा. होडीला तोंड लावून पाण्यात जवळजवळ उभा राहतो, जबडा उघडतो आणि जवळ्यासकट पाणी ओढत राहतो. होडी पुढे सरकली की तोही तिच्यामागे.

मैत्रीण पाण्यात उतरली आणि आनंदानं भिजून परत आली. मी उतरले नाही. किनाऱ्यावर नारळपाणी पीत बघत बसले. तिच्याशी वाद घातला नाही, पण तुला कारण सांगते.

हा मासा भटक्या जातीचा. हजारो किलोमीटर फिरणारा, खोल बुडी मारणारा. इथं रोज सकाळी आयता घास मिळतो म्हणून त्यांतले काही महिनोन्‌महिने रेंगाळतात. संशोधकांनी इथल्या माशांच्या अंगावर होड्यांच्या आणि दोरांच्या घासण्याचे व्रण नोंदवले आहेत. होडी म्हणजे खाणं असं एकदा डोक्यात बसलं, की दुसऱ्या बंदरात तो पंख्याच्या होडीकडेही तसाच जाणार. आणि पाण्यातल्या माणसांनी चार मीटर दूर राहायचं म्हटलं तरी मासाच मध्ये आणि माणसं चहूबाजूंनी, तर राहणार कुठं?

चारा टाकणाऱ्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही. ही सगळी गळ टाकणारी माणसं. पूर्वी हे मासे मासेमारीत आडवे यायचे, तेव्हा त्यांना बाजूला न्यायला ते जवळा दाखवायचे, असं सांगतात. २०११ च्या सुमाराला पर्यटक आले आणि तोच जवळा पोटाचा धंदा झाला. ज्या माशाला कधी काळी याच देशात आकडे मारून धरायचे, तो जिवंत राहण्यात आता गावाचं हित आहे, हेही खरंच. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला सोपं वाटत नाही.

आईला सांग, भात इथं तिन्ही वेळ मिळतो.

तुझी धाकटी

लेगास्पी, लुझोन बेट
१७ मार्च

ती. दादास,
सा. न.

आता दुसऱ्या बेटावर आलो आहोत. खिडकीतून मायोन ज्वालामुखी दिसतो, शाळेतल्या चित्रातल्या डोंगरासारखा सरळ त्रिकोणी. सकाळी अर्धा तास दिसला, मग ढगात गेला तो गेलाच.

उद्या पहाटे दोनसोलला जायचं. तिथं या माशाला बुतांदिंग म्हणतात. गावाजवळच्या समुद्रात तो पिढ्यान्‌पिढ्या येतो, पण बाहेरच्यांना त्याची खबर लागली १९९८ मध्ये. त्याच वर्षी फिलिपिन्स सरकारनं व्हेल शार्क पकडणं, मारणं, विकणं यांवर बंदी घातली. आपल्याकडे हे २००१ मध्ये झालं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वेरावळला त्याची किती कत्तल व्हायची ते तू ऐकून आहेसच. माइक पांडे यांच्या माहितीपटानं ती लोकांसमोर आणली आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळवणारा हा आपल्या देशातला पहिला मासा ठरला.

एक गोष्ट तुझ्या पोरांना सांग. २००९ च्या मार्चमध्ये दोनसोलच्या शेजारच्या पिलारमध्ये कुणीतरी एक पिल्लू धरून, शेपटीला दोर बांधून, किनाऱ्यालगत खुंट्याला अडकवून ठेवलं होतं. लांबी अवघी ३८ सेंटिमीटर! अंगावर मोठ्या माशासारखेच ठिपके, तसंच रुंद, सपाट डोकं. माहितगार लोक धावले, मापं घेतली आणि खोल पाण्यात नेऊन सोडून दिलं. एवढंसं पिल्लू म्हणजे जन्मून फार दिवस झालेले नसणार. एवढ्या अवाढव्य माशाची वीण कुठं होते हे कोडं सोडवणाऱ्यांना त्या पिल्लानं मोठा धागा दिला.

या माशाला वयात यायलाच पंचवीस-तीस वर्षं लागतात. बांगड्यासारखं त्याचं नाही, की यंदा कमी तर पुढच्या वर्षी भरपूर. एक गेला की ती जागा भरायला माणसाची एक पिढी जाते.

तुझी धाकटी

दोनसोल
१९ मार्च

ती. दादास,
सा. न.

दिसला!

पण आधी इथली रीत सांगते. नोंदणीच्या ठिकाणी प्रथम व्हिडिओ दाखवतात. एका माशाजवळ एकच होडी, पाण्यात सहाच माणसं. अंगापासून तीन मीटर लांब, शेपटीपासून चार. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, हवेची टाकी घ्यायची नाही, वाट अडवायची नाही. होडीवर बुतांदिंग इंटरॅक्शन ऑफिसर म्हणून गावातलाच माणूस असतो. तो सांगेल तेव्हा उतरायचं, सांगेल तेव्हा वर यायचं. चारा टाकत नाहीत. मासा आला तर आला. काही हंगामांत तो फारच थोडा येतो आणि लोक नुसता समुद्र बघून परततात.

टेहळ्या बांबूच्या डोलकाठीवर चढून बसला होता. पाणी हिरवट, गढूळ. यात काय दिसणार, असं मला वाटलं. पण त्या गढुळपणासाठीच तो येतो. नदी खाडीत जे आणून सोडते त्यावर प्लवक पोसतात आणि प्लवकांवर हा. बराच वेळ काही नाही. उन्हानं डोकं तापलं. मग वरून हाक आली. आम्ही पाय सोडून काठावर बसलो आणि खूण होताच आवाज न करता पाण्यात घसरलो.

आधी काहीच नाही. मग हिरव्यातून एक रुंद, सपाट डोकं बाहेर आलं. टोकाशी, तोंडाच्या कोपऱ्याजवळ, सुपारीएवढा डोळा. तो डोळा माझ्यावरून फिरला आणि पुढे गेला. मागे पाच कल्ल्यांच्या फटी, पडद्यासारख्या हलणाऱ्या. त्यांच्या मागच्या ठिपक्यांची नक्षी दोन माशांत सारखी नसते. लांबून काढलेल्या फोटोंवरून संशोधक त्याला ओळखतात, म्हणजे आपण काढलेला साधा फोटोही कामाला येतो. पोटाखाली चिकटमासे लोंबत होते. डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या पाठीवरच्या लांब कडा समोरून सरकत गेल्या आणि शेवटी शेपूट, माझ्याहून उंच, डावीकडून उजवीकडे सावकाश. चार मीटर कशाला ते तिथं न सांगता कळतं.

आमच्या होडीतल्या एकानं कॅमेरा घेऊन त्याच्या तोंडापुढे जायची घाई केली. ऑफिसरनं त्याचा दंड धरून मागे ओढलं. समोर कुणी आलं की मासा खाणं सोडून खोल जातो, आणि एवढं धूड पोसायला त्याला तासन्‌तास तोंड उघडं ठेवावं लागतं. आमच्यापुढे थोडा वेळ पोहून तो स्वतःच खाली गेला. ऑफिसरनं अंगठा वर केला, पाठलाग नाही. मला त्या माणसाचं काम फार आवडलं. त्याची पोटाची कमाई माशावर, आणि तरी रोज माशाच्याच बाजूनं बोलतो.

आता कामाचं. आपल्या राज्यात २०१८ पासून योजना आहे: जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. खलाशांपैकी एकाच्या गळ्यात पाणी न जाणाऱ्या पिशवीत फोन असू दे. मी येताना चार पिशव्या आणते. मासा अडकला तर होडीवर ओढायचा नाही, शेपटीला दोर बांधून फरफटवायचा नाही. तो पाण्यात असतानाच जाळं कापायचं. तांडेलाला हे माझ्या नावावर सांगू नकोस, तुझ्या नावावर सांग, म्हणजे ऐकेल.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी