मोत्याची वाट

नाशिकला आलात की तुम्ही रामकुंडावर जाणार, काळारामाचं दर्शन घेणार, वेळ असेल तर पांडवलेणी चढणार आणि निघताना चिवडा बांधून नेणार. जरूर करा हो हे सगळं! पण एक सकाळ माझ्यासाठी राखून ठेवा. आनंदवल्लीपासून सोमेश्वरापर्यंत मी तुम्हांला पायी नेईन. आमच्या घरात हिला 'मोत्याची वाट' म्हणतात, कारण ती आम्हांला आमच्या कुत्र्यानं दाखवली.

कुत्रं हवं असतं मुलांना आणि करावं लागतं आपल्याला, हे तुम्हांला का सांगायला हवं? धाकट्यानं भर पावसात रेनकोटात गुंडाळून ते गावठी पिल्लू आणलं, तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही!" महिन्याभरात त्याच पहिली पोळी त्याच्यासाठी बाजूला काढू लागल्या. वर आम्हांलाच म्हणायच्या, "दत्ताच्या पायाशी चार असतात, आपल्या दारात एक असेना का!" मोत्यानं मात्र तो उंबरा कधी ओलांडला नाही.

पहाटे दूध आलं की तो साखळी तोंडात धरून उभा. आधी नवश्या गणपती. राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या वास्तव्यानं ओळखलं जाणारं हे आनंदवल्ली. देऊळ अगदी गंगेच्या काठी. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बरं का!) मी दर्शन घेऊन येईतो मोत्या बाहेर झाडाखाली बसायचा आणि खोबऱ्याचा तुकडा मिळाल्याशिवाय उठायचा नाही. मग सोमेश्वर. पावसाळ्यात तिथला धबधबा असा गर्जतो की वाघासारखा भुंकणारा आमचा मोत्या माझ्या पदराआड लपायचा!

आठव्या वर्षी, श्रावणात, त्यानं पोळीला तोंड लावलं नाही. आम्ही थट्टा केली, "मोत्याचाही श्रावणी सोमवार दिसतोय!" दुसऱ्या दिवशी थोडंसं खाल्लं, तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. सणवार, पाहुणे, सवाष्णीचं जेवण... माझं लक्षच राहिलं नाही. आठव्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून पडलेले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ उचलून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. गोचीडताप! गोचीड चावल्यानं रोगाचे जंतू रक्तात जातात. लवकर कळलं तर पुष्कळदा महिनाभराच्या गोळ्यांनी गुण येतो. आम्हांला उशीर झाला होता.

सलाइन झालं, इंजेक्शनं झाली. नवश्या गणपतीला मी नवसही बोलले. पाचव्या रात्री सासूबाईंनी स्वतः त्याचं पोतं उचललं आणि स्वयंपाकघरात, ओट्यापाशी अंथरलं. त्याला आत घेतलं. पहाटे दूधवाल्याची घंटी वाजली तेव्हा मोत्यानं मान उचलली नाही.

गणपतीला मी बोल लावत नाही. नवस पाचव्या दिवसाचा होता आणि चूक पहिल्या दिवसाची. मुलाच्या ताटात भात उरला तर आपण लगेच कपाळाला हात लावून पाहतो. मुक्या जिवाची न खाल्लेली पोळी हेच त्याचं बोलणं असतं, आणि ती घरात सगळ्यांत आधी आपल्यालाच दिसते.

आता आमच्याकडे चिंगी आहे. सोमेश्वराच्या वाटेवरच सापडली. तिच्यासाठी काही नियम केलेत, तुमच्याही उपयोगी पडतील. फिरून आलं की कान, पंजांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपायची. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल चोळायचं नाही, बोटांनी चिरडायचीही नाही. एकेक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, तेव्हा कोपरे झाडायचे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारूनच. रेबीजची आणि इतर लसींची तारीख आम्ही कालनिर्णयावर गॅसच्या नोंदीशेजारी लिहितो. आणि एक खास नाशिकची गोष्ट: हंगामात घरोघर द्राक्षांच्या पेट्या येतात, पण द्राक्षं किंवा बेदाणे कुत्र्याला एकही देऊ नका. त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तर या एकदा नाशिकला. देवळाबाहेरच्या त्या झाडाखाली चिंगी आपणहून बसते. तिला कुणी शिकवलेलं नाही. कदाचित मीच तिथं रोज क्षणभर थांबत असेन. खोबऱ्याचा तुकडा मात्र मी अजून दोन करून आणते. एक चिंगीला देते आणि दुसरा झाडाच्या बुंध्याशी ठेवते. सासूबाईंनी विचारलं, तर सांगते, खारीसाठी.