नऊ फुटांवर एक पोफळ

आमच्या वाडीत शिरलं की माणसाचा आवाज खाली येई. कुणी सांगितलेलं नसे. वर चाळीस फुटांवर पोफळींचे शेंडे एकमेकांत गुंतलेले, खोडांवर मिरीचे वेल, पाटाच्या पाण्यावर उन्हाच्या चार कवड्या. मधूनच एखादी वाळकी विरी सपकन खाली यायची आणि पुन्हा शांत. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याची गाज त्या सावलीतून गाळून आमच्यापर्यंत पोचे. श्रीवर्धनजवळच्या त्या घरात वाडीचं माप गुंठ्यांत कधी निघालं नाही, झाडांत निघे. साडेतीनशे, असं बाबा सांगायचे. त्यांतली निम्मी त्यांच्या वडिलांनी लावलेली.

३ जून २०२० च्या दुपारपर्यंत ती होती.

मी तेव्हा वाडीत नव्हतो, शाळेत होतो. मुंबईत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात मी सतरा वर्षं काम करत होतो. टाळेबंदीत लग्नं थांबली, पत्रिका थांबल्या, आणि मे संपता संपता पास मिळवून एका टेम्पोतून गावी आलो. चौदा दिवस गावच्या शाळेत राहायचं होतं. ज्या वर्गात मी पाढे म्हटले त्याच वर्गात आम्ही सहाजण सतरंज्या टाकून होतो. लेक रोज फाटकापर्यंत डबा आणून ठेवायची, दूर उभी राहून हात हलवायची आणि निघून जायची.

त्या बुधवारी वारा आधी डोंगराकडून आला. मग दक्षिणेला वळला आणि दुपारी समुद्राकडून. निसर्ग असं त्या वादळाचं नाव होतं. पत्रे उडाले, भिंतीवरचा नकाशा खिळ्यासकट गेला, आणि बाहेर काड् काड् असा आवाज सुरू झाला. पोफळ बारीक अंगाची, ती वाकते, वाकते आणि मग एकदम मोडते. मी ते आवाज मोजायला लागलो होतो. पुढे मोजणं सोडून दिलं.

शाळेला छप्परच उरलं नाही, म्हणून संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं. आई ओटीवर उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “केवढा उजेड झालाय रे घरात.” आमच्या ओटीवरून समुद्र दिसत होता. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

बाबा वाडीत होते. पडलेल्या खोडांवरून पाय टाकत, हाताची काठी उभ्या झाडाला टेकवत मोठ्यानं मोजत होते. एक्केचाळीस भरली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजली. एक्केचाळीसच.

दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. देवळाकडचा वड आडवा झालेला. आईनं त्याच्या उताण्या मुळांपाशी हळदकुंकू वाहिलं आणि जेवढ्या खोडाला हात पोचला तेवढ्याला सूत गुंडाळलं. त्या सुताचा विचार मी अजूनही करतो.

लेकीचं दहावीचं वर्ष होतं. २३ मार्चला भूगोलाचा पेपर व्हायचा तो आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला. तिनं नकाशे गिरवून वही भरली होती, ती वही वादळात भिजली. मग उन्हात वाळवून तिनं ती पुन्हा दप्तरात ठेवली. २९ जुलैला निकाल लागला तेव्हा फोनला रेंज मिळावी म्हणून आम्ही दोघं टेकाडावर चढलो. चांगले गुण होते. भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून दिलेले. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. म्हणाली, “बाबा, हे माझे नाहीत. मी अभ्यास केला होता.” मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

झाडांचेही गुण त्याच पावसाळ्यात ठरले. नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. पंचनाम्याला आलेला पोरगा तिशीचाही नसेल. दिवसभर चिखलात फिरून त्याचे पाय सुजले होते. बाबांनी त्याला ओटीवर बसवून ताक दिलं आणि सगळी झाडं स्वतः मोजून दिली. तीनशे नऊ. पंधरा हजार चारशे पन्नास रुपये. पोफळ लावल्यापासून पहिला घड यायला सहा-आठ वर्षं जातात, पुढे ती पन्नास-साठ वर्षं उभी राहते. हे बाबांनी त्याला सांगितलं नाही. “त्याच्या कागदात तेवढी जागा नाही,” एवढंच ते मला नंतर म्हणाले, आणि त्या वाक्यात राग शोधूनही सापडला नाही.

ऑगस्टमध्ये छापखान्यातून फोन आला. सध्या येऊ नका. लग्नांना पन्नासच माणसं, तर पत्रिका कोण छापणार? पर्यटक नाहीत म्हणून बायकोची घरगुती खानावळ बंद होतीच. वीज महिन्याहून जास्त काळानं आली, तेव्हा पाचवीतला मुलगा शेजारच्या टीव्हीपुढे ‘टिलीमिली’ बघायला बसू लागला. गणपतीच्या पूजेला आईनं सुपाऱ्यांचा डबा काढला तर तळाशी जेमतेम पुरतील एवढ्या होत्या. वादळानं खळ्यातल्या वाळत्या सुपाऱ्याही नेल्या होत्या. दिवाळीपूर्वी आम्ही दुकानातून पावशेर सुपारी विकत आणली. पुडी बाबांच्या हातात द्यायचा धीर कुणाला झाला नाही.

आणि तरीही, हे लिहिताना मला सांगितलंच पाहिजे की सतरा वर्षांत गणपती, शिमगा आणि मे महिना मिळून बाबांच्या सहवासाचे जेवढे दिवस मला लाभले, त्याहून अधिक त्या एका वर्षात लाभले. सकाळी आम्ही दोघं आडवी खोडं चिरून बांधाला रचायचो. प्रत्येक खोडापाशी ते थांबायचे. ही तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी लावलेली. हिच्यावर शेवटचा पाडेली चढला होता तो शेंड्याचा झोका घेऊन त्या पलीकडच्या पोफळीवर गेला, खाली न उतरता दहा झाडं उतरवली त्यानं. मी सतरा वर्षं दुसऱ्यांच्या घरची नावं जुळवत होतो. माझ्या वाडीतल्या झाडांची गोष्ट मला ती पडल्यावर कळली.

जानेवारीत बाबांनी उरलेल्या एक्केचाळिसांतल्या सर्वांत जुन्या झाडांची पिकली फळं उतरवून घेतली. घंगाळात पाणी भरलं आणि नातवाला बोलावलं. पाण्यात टाकल्यावर जी देठाकडची टोपी वर करून उभी तरंगते ती बियाण्याची, आडवी पडेल ती बाजूला. पोराचं पाचवीचं वर्ष शाळेविना गेलं असं सगळे म्हणतात. ती सबंध दुपार तो घंगाळापाशी ओणवा होता, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. वाळूच्या वाफ्यात दोघांनी बी मांडलं. लेकीकडून बाबांनी एक बांबू बरोबर नऊ फुटांवर तोडून घेतला. दोन पोफळींत तेवढं अंतर हवं. मला म्हणाले, “आधी केळी लाव. सावलीशिवाय पोफळ जगत नाही. उन्हानं तिचं अंग भाजतं.”

शिमग्याच्या आठ दिवस आधी ते गेले. ताप नाही, खोकला नाही. दुपारी ओटीवरच्या खाटेवर पडले ते उठले नाहीत. दरवर्षी गावच्या होळीला उभी करायला आमच्या वाडीतली एक जुनी पोफळ जायची, कुठली द्यायची ते बाबा ठरवायचे. त्या वर्षी गावातलं कुणी मागायला आलं नाही. आमच्या एक्केचाळीस झाडांना लोकांनी अशी माया केली.

वाफ्यातले पहिले कोंब तेराव्यानंतर दिसले. मुलगा रोज सकाळी जाऊन सांगायचा, आज सात, आज एकोणीस. मे लागला तेव्हा दोन-दोन पानांची एकशे ऐंशी रोपं आम्ही पिशव्यांत भरली होती.

१६ मे २०२१ ची रात्र. पुन्हा वादळाचा इशारा होता, तौक्ते. वारा आताशी पानं हलवण्यापुरता होता, पण आई आधीच देवापाशी बसलेली. आम्ही चौघांनी पिशव्या उचलून घरात आणायला सुरुवात केली. ओटी भरली, पडवी भरली, न्हाणीघराच्या दारापर्यंत पिशव्या लागल्या. मुलगा बॅटरी धरून मोजत होता. बायको चुलीजवळची भांडी सरकवून जागा करत होती. एकशे चौसष्टवर तो थांबला, आता कुठं ठेवायच्या म्हणून.

लेक गुडघ्यांवर बसली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, “आजोबांच्या खाटेखाली अजून जागा आहे.”