अक्का, बोटीवर जाताना

सौ. अक्का,



तुझी आणि दाजींची तिकिटं काढून झाली. फोनवर मी पुरतं सांगायच्या आधीच तू विचारलंस, "रद्द करता येतात का गं?" येतात, पण बरीच रक्कम कापून. आणि कापला गेलेला पैसा तुला किती लागतो हे मला ठाऊक आहे. तेव्हा तो विषय संपला.

बागेचंही कारण काढू नकोस. डिसेंबरात बाग आंबे बहाराच्या ताणावर असते, मोसंबीचं पाणी तोडलेलं असतं, हे मला तुझ्याच बांधावर कळलं. तेव्हा चार दिवस अंबडातून हललीस तर काही बिघडत नाही. तारीख मी तेवढं बघूनच धरली. समुद्राचंही गणित त्यात बसतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत मुंबईची क्रूझ पूर्व किनाऱ्याला, चेन्नईकडे जाते. दिवाळीनंतर इकडचं पाणी निवतं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरे. "मला बोट लागेल" हे तुझं तिसरं कारण ना? त्याचं पुढे सांगते.

मी रागावून लिहितेय असं वाटेल तुला. थोडी रागावलेली आहेच. आठवतं का, या नोकरीचं पत्र आलं तेव्हा घरात काय झालं होतं? पोरगी लोकांच्या सहली घेऊन देशोदेशी हिंडणार म्हणून अण्णा जेवले नाहीत. आई पदर तोंडाला लावून बसली. तू बाळंतपणाला आलेली होतीस. जड पावलांनी ओसरीवर आलीस आणि म्हणालीस, "तिनं आडाचं पाणी लई ओढलं. जाऊ द्या तिला." तेवढंच. त्या एका वाक्यावर मी बार्सिलोना पाहिलं, सिंगापूर पाहिलं, नॉर्वेचे फ्योर्ड पाहिले. आणि तू? शहागडच्या पुलावरून गोदावरी बघायची आणि म्हणायचं, "पाणी ते पाणीच की." हे मला कसं पटावं?

इतकी वर्षं मी आपल्या माणसांना बोटीवर घेऊन जातेय. प्रवासाला अडचण येते ती समुद्राची नाही, सामानाचीही नाही. आपल्या बायकांना स्वस्थ बसता येत नाही, ही खरी अडचण. एका सहलीत परभणीकडच्या एक काकू होत्या. सकाळी त्यांना नाश्त्याला बोलवायला गेले, तर त्यांनी अंथरुणाच्या चादरी घडी घालून ठेवलेल्या, बेसिन स्वतःच्या रुमालानं पुसून लख्ख केलेलं. मी म्हटलं, काकू, यासाठी माणूस येतो. तर म्हणाल्या, "परक्याच्या लेकराला आपला पसारा कशाला दाखवायचा?" जेवणघरात काकांचं ताट भरेपर्यंत त्या उभ्याच. शेजारच्या टेबलावरच्या उष्ट्या बशासुद्धा त्यांनी एकात एक रचल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मला वरच्या डेकवर खुर्चीत दिसल्या. पाय वर घेतलेले, हात मांडीत, समोर नुसतं पाणी. मी जवळ गेले तर हळूच विचारतात, "इथं कुणी काही म्हणत नाही का गं?"

अक्का, तुझंही असंच होणार, म्हणून आधीच सांगतेय. चादर घडी घालू नकोस. दाजींना त्यांचं ताट त्यांच्या हातानं वाढून घेऊ दे. केबिन आवरायला येणाऱ्या मुलाचं नाव विचार, त्याच्याशी दोन शब्द बोल, तेवढं पुष्कळ होतं. गोवा-कोकणातले तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेत. त्यांचं काम त्यांना करू दे.

आता सामानाचं. मोठ्या बॅगेला बोटीचा टॅग बांधतात आणि ती धक्क्यावरच ताब्यात घेतात. ती केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून दाजींच्या साखरेच्या आणि तुझ्या बीपीच्या गोळ्या, चष्मे, आधार कार्डं आणि एक स्वेटर खांद्याच्या पिशवीत ठेव. गोळ्या मूळ पाकिटातच राहू देत, डब्यात सुट्या करून नेऊ नकोस, आणि दोन दिवसांच्या जास्त घे. आतला एसी फार गार असतो, कानटोपी दाजींना लागेलच. आधार मूळ लागतं, झेरॉक्स चालत नाही. ही सहल देशातल्या देशात आहे, पासपोर्टची गरज नाही.

दशम्या, धपाटे, ठेचा यांतलं काहीही बांधून आणू नकोस. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक बोटींवर आत नेऊ देत नाहीत. तपासणीत तुझी शिदोरी बाजूला काढून ठेवलेली मला बघवणार नाही. इस्त्री, पाणी तापवायची किटली, वायरचा बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती यांनाही बंदी आहे. समुद्रात बोटीला सगळ्यात मोठं भय आगीचं असतं, पळून जायला जागा नसते. तेव्हा तुझं निरांजन घरीच राहू दे. सकाळी डेकवर पूर्वेला तोंड करून हात जोड, मत्स्योदरी देवीला पोचतं ते. चप्पल मात्र मागून पट्टा असलेली घाल. पाण्यानं भिजलेल्या डेकवर सपाता घसरतात. साडीची काही अडचण नाही, फक्त जिना उतरताना निऱ्या सांभाळ.

बोट कुठली विचारलंस ना? एम्प्रेस. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती, कॉर्डेलिया क्रूझेसनं घेतल्यावर सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून फिरतेय. अकरा मजले, आत लिफ्ट. तुमची केबिन मी मुद्दाम खालच्या मजल्यावर आणि बोटीच्या मधोमध घेतली. पाळणा दांडीजवळ कमी हलतो आणि टोकाला जास्त, तसंच बोटीचं आहे: टोकाच्या आणि वरच्या केबिनी जास्त डोलतात. शिवाय मोठ्या बोटींना पोटाखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते हेलकावा मोडतात. तरीही मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहू नकोस. बाहेर मोकळ्या हवेत ये, क्षितिजाकडे नजर लाव. पोट रिकामं ठेवू नकोस, आल्याची वडी चघळ. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, आणि बीपीच्या औषधासोबत चालते का हे तुझ्या अंबडच्या डॉक्टरांना आताच विचारून ठेव. मोबाईलवर वाचत बसणाऱ्यांना बोट आधी लागते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

न्हाणीघर बघून तू चमकशील. जागा इवलीशी, बादली-मग नाही, उंबरा उंच. रात्री उठशील तेव्हा आधी तो उंबरा आठव. संडासाचं पाणी सोडलं की धाडकन आवाज होतो. हवेच्या दाबानं ओढून घेतात, घाबरायचं नाही. त्यात कागदाखेरीज काही टाकू नकोस, आजूबाजूच्या सगळ्या केबिनींचं अडतं. आणि नळाचं पाणी! २०१३ चा उन्हाळा आठव. टँकरचा भोंगा वाजला की तू तव्यावर भाकरी तशीच टाकून घागर घेऊन धावायचीस. या बोटींवर समुद्राचंच पाणी आत घेतात, मीठ वेगळं काढतात आणि गोडं करून नळाला सोडतात. मराठवाड्यातली माणसं तिथंसुद्धा नळ बारीक करून आंघोळ करतात. ते बघून दर वेळी मला भरून येतं. तूही तशीच कर. ते पाणी काढायला इंधन जळतंच, आणि तुझी ती सवय सोडण्यासारखी नाही.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या कवायतीचं, मस्टर ड्रिल म्हणतात. सगळ्यांना जमायच्या ठिकाणी बोलावतात, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते दाखवतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब वाजला की तिथं जायचं. दाजी म्हणतील, "पोरखेळ आहे, तू जा." त्यांना हाताला धरून ने. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडली, बत्तीस माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कितीतरी लोकांची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच व्हायलाच हवी, असा जगभर नियम झाला. आणि आपल्याकडची रामदास? १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर, वादळी पावसात उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे बुडाल्याची खबर मुंबईला कित्येक तास कळलीच नाही. नाव आपल्या जांबच्या समर्थांचं. मला कुठल्याही धक्क्यावर त्या लोकांची आठवण येते. हे तुला भिववायला लिहीत नाही. आजच्या बोटी वेगळ्या आहेत, हवामान सुटण्याआधी कळतं. पण कवायतीच्या वेळी गप्पा मारू नका, एवढंच.

जेवण शाकाहारी भरपूर मिळतं, जैनही मिळतं, तुझ्या उपासाचं आदल्या दिवशी सांगितलं तर तेही करून देतात. जेवणाआधी हात साबणानंच धू. दारावर सॅनिटायझर असतो, पण बोटीवर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. दाजींना गोडाच्या टेबलापासून लांब बसव. तेवढी जबाबदारी मी तुझ्यावर टाकतेय.

पैशाचं नीट ऐक. बोटीवर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. ठरलेल्या जेवणघरातलं जेवण, नाटक-गाण्याचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव हे तिकिटात येतं. थंड पेयं, मालिश, इंटरनेट, काढून देतात ते फोटो, सगळ्याचे वेगळे. हसत हसत कार्ड मागतात आणि शेवटच्या सकाळी बिल बघून माणसाचा चेहरा उतरतो. रोज रात्री काउंटरवर जाऊन हिशेब बघून ये. दुधाचा हिशेब तू कधी महिनाअखेरीवर सोडलास का? आणि किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाक. बोटीचं स्वतःचं नेटवर्क असतं, त्याचे दर परदेशी असतात. बाहेर पडण्याआधी सालगड्याला आणि मोसंबीच्या व्यापाऱ्याला सांगून ठेव की दोन दिवस फोन लागणार नाही. लागला नाही तरी झाडं तिथंच राहतात, अक्का.

गोव्याला बोट मुरगावला लागते. मंगेशीला जायचं असेल तर सकाळीच उतरा, गाडी आधी ठरवून ठेवते. परतायची वेळ कार्डासोबतच्या कागदावर लिहिलेली असते, ती दोन तास आधीची समजून चाला. रेल्वे उशिरा येते, आपल्या ओळखीची एसटी थांबवता येते. बोट कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावर उभं राहून निघालेल्या बोटीकडे बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

तसंच येतानाही. बोट सुटायच्या दिवशी सकाळी जालन्याहून निघू नका. आदल्या दिवशी जनशताब्दी धरून या, रात्री माझ्याकडे मुक्काम करा. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअरचा धक्का जवळच आहे. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला आतपर्यंत सोडेन.

मी मुद्दाम तुमच्याबरोबर येत नाहीये. मी असले की तू माझंच खाणं-पिणं बघत बसशील. तिकिटाच्या पैशाचं पुन्हा काढू नकोस. माझ्या वसतिगृहाचे पैसे कुठल्या म्हशीच्या दुधातून यायचे ते मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. तेव्हा तूही विचारू नकोस.

गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून या आठवड्यात आण आणि जनशताब्दीचं आरक्षण झालं की मला कळव. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी