काटेरी तारांमागचे प्रेमनगर

हस्तिनापूरच्या यात्रेला गेलेली महाराष्ट्रातील जैन कुटुंबे सहसा तेथूनच परत फिरत नाहीत. शांतिनाथ, कुंथुनाथ आणि अरनाथ या तीन तीर्थंकरांच्या जन्मभूमीचे दर्शन घ्यावयाचे, जंबूद्वीपाची रचना पाहावयाची आणि मग हरिद्वार, डेहराडून, मसुरी असा फेरा पुरा करावयाचा, हा क्रम आता रूढच झाला आहे. डेहराडूनच्या घंटाघरापासून पश्चिमेस चक्राता रस्ता जातो. वन संशोधन संस्थेची भव्य इमारत आणि भारतीय सैनिकी अकादमी मागे पडली की प्रेमनगर लागते. यात्रेकरूंच्या गाड्या तेथे चहासाठी थांबतात. समोर मसुरीचे डोंगर, आसपास जुने चहाचे मळे, रस्त्याच्या दोहो बाजूंस कापडाची, किराण्याची, मिठाईची दुकाने. उपनगर म्हणावे असे हे भरगच्च गाव. त्यात विशेष ते काय, असे कोणासही वाटावे.

विशेष आहे ते येथील पत्त्यांत. पाकिटावर गल्लीचे वा पेठेचे नाव नसते. 'विंग नंबर' अमुक, प्रेमनगर, असे लिहिलेले असते. 'विंग' हा शब्द या गावाला दुसऱ्या महायुद्धाने दिला.

१९३९ साली युद्ध पेटले आणि हिंदुस्थानात असलेले जर्मन नागरिक एका दिवसात शत्रू ठरले. व्यापारी, अभियंते, मिशनरी, गिर्यारोहक, सारे पकडले गेले. त्यांतील अनेकांना प्रथम अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवण्यात आले. पुढे नाशिकजवळच्या देवळालीस आणि १९४१ पासून डेहराडूनजवळच्या या माळावर. छावणीचे सात मोठे विभाग होते. प्रत्येकाभोवती काटेरी तारांचे दुहेरी कुंपण, आणि सर्वांना मिळून बाहेरून आणखी एक कडे. नाझी पक्षाचे समर्थक, त्यांचे विरोधक आणि इटालियन यांना वेगवेगळ्या विंगांमध्ये ठेवावे लागे. एरवी कुंपणाच्या आतच युद्ध जुंपले असते.

या छावणीचे नाव जगात पोहोचले ते हाइनरिख हॅरर याच्यामुळे. २९ एप्रिल १९४४ रोजी सात कैद्यांनी युक्ती योजिली. दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचा वेष केला, बाकीचे हिंदी मजूर झाले आणि कुंपण दुरुस्तीचे सामान खांद्यावर घेऊन मंडळी दिवसाउजेडी दारातून बाहेर पडली. अधिकारी झालेले दोघे रेल्वेने कलकत्ता गाठून ब्रह्मदेशात जपानी फौजेपर्यंत पोहोचले. हॅरर व त्याचा सोबती आउफश्नायटर जानेवारी १९४६ मध्ये ल्हासात शिरले. त्या प्रवासाचे पुस्तक जगभर वाचले गेले. हा साहसी पुरुष हिटलरच्या एस. एस. संघटनेचा सभासद होता, ही गोष्ट मात्र १९९७ साली उजेडात आली. पळून जाणाऱ्यांच्या कथा सर्वांना ठाऊक होतात. जे तेथेच राहिले त्यांच्या कथा मागे पडतात.

त्या राहिलेल्यांत काही भिक्षू होते. सिंहलद्वीपात अनेक वर्षे बौद्ध साधना करणारे वृद्ध न्यानतिलोक आणि त्यांचे शिष्य न्यानपोनिक यांना केवळ जन्माने जर्मन म्हणून तेथून पकडून १९४२ साली येथे आणले गेले. न्यानपोनिक तर जन्माने ज्यू. हिटलरच्या छळातून आपल्या वृद्ध मातेला त्यांनी १९३९ साली सिंहलद्वीपात सुखरूप आणले होते. आता माता तिकडे आणि पुत्र हिमालयाच्या पायथ्याशी तारांच्या आत, तेही हिटलरच्या देशाचा माणूस म्हणून! सरकारी कागदाला वंश कळत होता. मनुष्य कळत नव्हता.

लामा अनागरिक गोविंद यांची गोष्टही अशीच. त्यांच्यापाशी इंग्रजी नागरिकत्व होते, तरीही ते आधी अहमदनगरला व नंतर येथे डांबले गेले. न्यानपोनिकांशी त्यांचा स्नेह याच छावणीत जुळला. सुटकेनंतर, १९४७ साली, मुंबईच्या प्रसिद्ध पेटिट घराण्यातील रत्ती पेटिट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ली गोतमी म्हणून ओळखल्या गेल्या.

न्यानपोनिकांनी येथे सुत्तनिपाताचे जर्मन भाषांतर केले, अभिधम्माच्या ग्रंथावर काम केले, स्मृतिसाधनेवरील वचने जमविली. आपल्याकडे चातुर्मासात साधू-साध्वी एका स्थानी स्थिर राहून स्वाध्याय करतात. पण ती मर्यादा स्वेच्छेने स्वीकारलेली असते. येथे मर्यादा बंदुकीने घातली होती, आणि तरीही स्वाध्याय झाला. १९४६ मध्ये भिक्षू सिंहलद्वीपास परतले. माता तेथे होती.

बराकी रिकाम्या झाल्या, पण फार काळ नव्हे. वर्षभरातच फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबे याच बराकींत येऊन राहिली. ज्या छपरांखाली घरी जाऊ न शकणारे लोक राहिले, त्यांच खाली आता घरच उरले नाही असे लोक आले. घरदार, पेढी, उधारीच्या वह्या, सारे मागे टाकून आलेल्या व्यापाऱ्याने पुन्हा तराजू हाती धरणे म्हणजे काय, हे व्यापारी घरात वाढलेल्यास समजावून सांगावे लागत नाही. त्या वस्तीतूनच आजची बाजारपेठ उभी राहिली.

म्हणून प्रेमनगरच्या वृद्धांना 'कॅम्प' म्हटले की जर्मन कैदी नव्हेत, आपले आईवडील आठवतात. परदेशातून कोणी हॅररचे पुस्तक घेऊन छावणी शोधीत आला, तर त्याला दाखविण्याजोगे थोडेच उरले आहे. बराकींच्या जागी दुमजली, तिमजली घरे आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी आहेत. टपाल मात्र अजून विंगेच्या क्रमांकानेच येते.