मनिला ते अकापुल्को, २०४ दिवस

विमानाला चार तास उशीर झाला की आपण एअरलाइनच्या नावाने खडे फोडतो. मनिलाला गेलात तर इन्ट्रामुरोसच्या तटावर जरा उभे राहा. राग आपोआप उतरेल.

पासिग नदीच्या मुखाशी वसलेलं हे स्पॅनिशांचं तटबंदीतलं शहर. टांग्यातून फिरा, १६०७ मध्ये पूर्ण झालेलं सान आगुस्तिन चर्च बघा आणि सान्तियागो किल्ल्यापाशी थांबा. याच बंदरातून गॅलिअन जहाजं मेक्सिकोतल्या अकापुल्कोला निघायची. पोटात चिनी रेशीम, पोर्सेलीन, मसाले आणि चक्क हिंदुस्थानी सुती कापड! येताना भरून यायची चांदी.

येणं तसं सोपं, तीन महिन्यांचं. जाणं महाकठीण. १५६५ मध्ये उर्दानेता या दर्यावर्दी पाद्र्याने वाट शोधली : जपानच्या बाजूला वर चढायचं, पश्चिमेचे वारे पकडायचे, कॅलिफोर्निया दिसला की किनाऱ्याने खाली यायचं. १८१५ पर्यंत, तब्बल २५० वर्षं हाच रूट!

१६९५ मध्ये आपली वसई आणि कान्हेरीची लेणी बघून गेलेला इटालियन भटक्या जेमेल्ली कारेरी पुढच्याच वर्षी मनिलाहून या जहाजावर चढला. प्रवास २०४ दिवसांचा. बिस्किटाच्या प्रत्येक घासाबरोबर अळ्या पोटात जात होत्या, असं त्याने लिहून ठेवलंय.

पण कारेरी हौसेने गेला होता. खाडीपलीकडे काविते इथे ही जहाजं बांधणारे फिलिपिनो गावकरी वेठबिगार होते. जंगलातून अजस्र ओंडके ओढून आणायचे ते त्यांनीच.

आणि मिरा? चरित्रकारांच्या मते ती मुघल हिंदुस्थानातली मुलगी. चाच्यांनी पळवली, कोचीनला बाप्तिस्मा झाला, मनिलाला विकली गेली आणि १७ व्या शतकाच्या सुरुवातीला गुलाम म्हणून अकापुल्कोला पोचली. मेक्सिकोतल्या प्वेब्ला शहरात ती १६८८ मध्ये वारली. तिथे तिला कातारिना दे सान हुआन म्हणतात. त्या काळी लोक तिला संतिणीसारखा मान देत. घरी मात्र ती कधीच परतली नाही.

संध्याकाळी तटावरून खाली उतरताना खिशातलं रिटर्न तिकीट एकदा चाचपून बघा. मिराकडे ते नव्हतं.