कडावच्या ओसरीवरून माथेरान

2024 च्या जानेवारींत माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब गुलमर्गास गेला होता. बर्फावरून घसरण्याचा खेळ मुलांस शिकवावा, हा हेतु. परंतु त्या वर्षीं पश्चिमेकडून हिमवर्षाव घेऊन येणारे वारे दुबळे पडले आणि महिना सरत आला तरी त्या सुप्रसिद्ध उतारांवर पिवळें गवतच दिसत होतें. महिनाअखेरीस बर्फ आलें, पण तोंवर हे घरीं परतले होते! मला भेटून तो म्हणाला, "गुरुजी, त्यापेक्षां आपलें माथेरान बरें. तेथें केव्हां जावें तें सांगा."

कर्जत तालुक्यांतील आमचें कडाव दिगंबर सिद्धिविनायकामुळें वाचकांस ठाऊक असेल. येथून पूर्वेस सह्याद्रीची भिंत, तर पश्चिमेस माथेरानचा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. मे महिन्याच्या अखेरीस दुपारीं त्या माथ्यावर ढगाची टोपी चढूं लागते. पुढें जूनमध्यें एके दिवशीं सबंध डोंगरच नाहींसा होतो. मेघदूतांतील मेघ रामगिरीवरून उत्तरेस जातो; आमच्या वांट्याचा मेघ नैर्ऋत्येच्या समुद्रावरून येऊन अडीच हजार फुटांवरील त्या कड्यांस अडतो, वर चढतो, थंड होतो आणि तेथेंच रिता होतो. माथ्यावर जांभा दगड असल्यानें पाणी त्यांत मुरतें, आणि खालच्या काळ्या पाषाणास लागून कड्यांवाटे बाहेर पडतें. आमचें बर्फ म्हणजे हें धुकें व हे धबधबे.

पण पाऊस हा कांहीं केवळ पाहण्याचा पदार्थ नव्हे. 1907 सालीं सुरू झालेली नेरळची चिमुकली आगगाडी घाटांत पावसाळाभर बंद ठेवण्याची वहिवाट आहे, ती उगाच नाहीं. 26 जुलै 2005 च्या वृष्टींत तिचा मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला आणि गाडी पुन्हां धांवण्यास 2007 साल उजाडलें. 19 जुलै 2023 ची रात्र तर विसरूं म्हणतां विसरवत नाहीं. आमच्या कौलांवर धारा अखंड कोसळत होत्या. आणि तिकडे खालापूर तालुक्यांत, इरसाळगडाच्या कुशींतील इरसाळवाडीवर निजानीज झाल्यावर डोंगर उतरला. सत्तावीस देह सांपडले. सत्तावन्न माणसें मातींतच राहिलीं. चालत गेल्यावांचून पोंचतां येत नाहीं अशी ती ठाकरांची वाडी. तेव्हांपासून रात्रीं पावसाचा आवाज बदलला कीं मी उठून बसतों.

म्हणून विद्यार्थ्यास सांगितलें, आषाढ-श्रावणांत कड्याच्या टोकाशीं मुलांस नेऊं नको. पाऊस ओसरल्यावर, आश्विनांत जा. तेव्हां धबधबे अगदींच आटलेले नसतात, पायवाटेवरील तांबडा चिखल सुकूं लागतो आणि दरीपलीकडचे गड स्पष्ट दिसतात. थंडी हवी तर पौष-माघ बरे; मात्र दंवापलीकडे कांहीं पांढरें मिळणार नाहीं! उन्हाळ्यांत कर्जतची भट्टी सोडून वर जाण्याचें सुख मोठें, पण गर्दीही तितकीच.

त्यानें धोरण ठेवलें आहे. निघण्यापूर्वीं दूरध्वनि करून विचारतो, "गुरुजी, ओसरीवरून डोंगर दिसतो का?" गेल्या जुलैंत त्यानें दोनदां विचारलें. दोन्ही वेळां मीं बाहेर येऊन पाहिलें आणि त्यास "नाहीं" म्हणून कळविलें.