घरघर कुणाची?

आमच्या भजनी मंडळाच्या स्पीकरमधून सारखी घरघर येऊ लागली. माइकची तुटलेली वायर आमच्या धाकट्यानं जोडली होती. मी चारचौघांत त्यालाच बोललो.

रात्री मन खाऊ लागलं. फवारणी पंपाच्या इंजिनाचे फेरे मोजायचं तारेचं मापक स्पीकरच्या पेटीला टेकवलं. तार कमी-जास्त बाहेर काढली. ६००० च्या खुणेवर तिचं टोक सर्वांत जास्त थरथरलं. मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १००.

आपली वीज ५० सायकलची. वायरीतून शिरलेली घरघर बहुधा ५० ची. अँप्लिफायरमध्ये एसीचं डीसी होताना ती दुप्पट होते. म्हणजे दोष आतल्या कपॅसिटरचा! मेकॅनिकनं तो बदलला, घरघर थांबली.

पोराची माफी मात्र चारचौघांतच मागितली. तुम्हीही बोल लावण्याआधी मोजून बघा.